बिनश्वासाचा हाकारा

उकंडरावांचा आवाज मोईजनं चोरला, असं कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर मोईज भांडायलाच उठला असता. चोरी कसली आली? म्हातारा आपल्या मर्जीनं ओट्यावर बसला, आपल्या मर्जीनं ओरडला, वर बायकोला सांगून चहाही पाजला. चोराला कुणी चहा पाजतं का? पण पंचाईत अशी झाली, की असं कुणी म्हणालंच नाही. म्हटलं असतं तर भांडून मोकळा झाला असता बिचारा. बाहेर न झालेलं भांडण आत सुरू होतं, आणि त्यात कुणी जिंकल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

मोईज मलकापूरचा. त्याचे वडील वाहेदमियां पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरत हिंडायचे, आणि वरवट बकालला आले की मुक्काम ठरलेला, उकंडरावांच्या ओट्यावर. लहान मोईजही सोबत असायचा. धनुकलीच्या तातीवर ठोका पडला की तिच्या झणकारावरून कापूस ओला आहे की सुका, हे वाहेदमियां डोळे मिटून सांगायचे. मोईजला कान मिळाला तो तिथून. पुढे गाद्या फोमच्या झाल्या, धनुकली माळ्यावर गेली, आणि मोईजनं स्टेशनच्या रस्त्याला एका खोलीत स्टुडिओ टाकला. स्टुडिओ म्हणजे भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक माईक, एक जुना लॅपटॉप आणि एक खुर्ची. गिऱ्हाईक आलं की मोईज उभा राहायचा.

कमाई व्हायची ती मे-जूनमध्ये. बीटी कापसाच्या बियाण्याच्या प्रचारगाड्या निघायच्या, त्यांच्या भोंग्यावर वाजायचं ते मोईज करून द्यायचा. ‘शेतकरी बंधूंनो, अळीची चिंता सोडा’ हे वाक्य त्यानं इतक्यांदा रेकॉर्ड केलं होतं की झोपेतून उठवलं तरी संगीतासकट म्हणून दाखवलं असतं. मग एका वर्षी गुलाबी बोंडअळी आली. हिरव्यागार बोंडात किडकं सरकीचं पीठ. त्यानंतर शेतकरी बंधू त्या गाडीकडे असे काही बघू लागले की ड्रायव्हर गावाबाहेरूनच गाडी वळवायचा. मोईजकडे येणारं काम आटलं.

अशात एक दिवस वरवट बकालचे नारायणराव स्टुडिओत आले. बऱ्यापैकी जमीनवाला माणूस, एके काळी याच खोलीत आपल्या पोरीच्या लग्नाची कॅसेट करून घेतलेली.

“कापसाचं जे व्हाचं ते झालं बे,” ते म्हणाले. “म्हनून अर्ध्या वावरात मका टाकला, त आता डुकरं. सातपुड्यातून कळपच्या कळप उतरून राह्यले. मका त खातातच, कपाशीचे हिरवे बोंडंबी सोडत नाहीत. राखनदार ठेवाव त आता परवडत नाही. बाजारातून एक डबा आनला, त्यात कुत्रं भुकते, वाघ गुरगुरते. तीन रोज भेले. चवथ्या रोजी डब्याच्याच बाजूले बसून खाऊन गेले हरामखोर. तू आवाजाचा मानूस हायेस. काढ ना काही.”

मोईजला हे काम ऐकताक्षणी आवडलं. डुकरं भ्यायची का थांबली, हे त्याला लगेच कळलं होतं. डबा रोज तेच बोलत होता. तेच कुत्रं, तोच वाघ, तितक्याच मिनिटांनी. जनावर काही मूर्ख नाही. आवाज असा हवा की तो दोनदा सारखा येता कामा नये. उंची बदलली पाहिजे, लांबी बदलली पाहिजे, मधली शांतता बदलली पाहिजे, आणि हे सगळं आपोआप. आवाजाच्या धंद्यात याला मॉड्युलेशन म्हणतात. म्हणजे आवाजाची बटनं कुणीतरी न दिसणाऱ्या हातानं सारखी फिरवत ठेवायची.

त्याच्या लॅपटॉपमध्ये दोन सिंथेसायझर होते. सॉफ्टवेअरच ते, आवाज घडवायचे कारखाने. एकाचा पडदा निळा, दुसऱ्याचा राखाडी, म्हणून मोईज त्यांना निळा आणि राखाडी म्हणायचा. यांतला कामाचा कोणता हे ठरवायला त्यानं वही काढली, मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना लिहायला बसला.

निळा दिसायला नवरदेव. आवाजाच्या लाटेचे शेकडो नमुने एकामागे एक रचलेले, त्यांतून हवं तसं सरकत जायचं. त्यात चार एलएफओ. एलएफओ म्हणजे संथ लाट, ती स्वतः ऐकू येत नाही, पण दुसऱ्याचं बटन धरून फिरवत राहते. प्रत्येक घरात असं एक माणूस असतंच. बोटानं ओढून ती लाट कुठल्याही बटनावर नेऊन सोडायची की झालं, काय चाललंय ते पडद्यावर हलताना दिसायचं. आवाज चकचकीत, लग्नाच्या डीजेत शोभावा असा.

राखाडी म्हणजे उलट. दिसायला बेंगरूळ, निम्मी बटनं कुठल्या कुठल्या यादीत लपलेली, आणि चालू केला की लॅपटॉपचा पंखा दळणाच्या चक्कीसारखा घरघरायचा. पण त्यात एक लाट दुसऱ्या लाटेला फिरवू शकायची, तिला तिसरी, आणि तिच्यावर नेम नसलेला एक आकडा बसवता यायचा, म्हणजे पुढे काय येईल ते खुद्द मोईजलाही ठाऊक नसायचं. आणि मोठी गोष्ट, रेकॉर्ड केलेला कुठलाही आवाज हा पठ्ठ्या गिळायचा, भाकरी कुस्करावी तसा त्याचा बारीक चुरा करायचा आणि दर वेळी निराळ्या क्रमानं पेरायचा.

कागदावर फैसला होईना. मग मोईजनं नारायणरावांच्या वावराच्या पूर्वेला निळ्याचा डबा लावला, पश्चिमेला राखाडीचा. आवाज दोन्हीत घडवलेलेच. रोज सकाळी नारायणराव खुरांचे ठसे मोजून फोन करायचे. शहरातले लोक कुठल्या सिंथेसायझरचा आवाज उबदार यावर इंटरनेटवर महिनोन्‌महिने वाद घालतात. मोईजचे परीक्षक रानडुक्कर होते आणि त्यांना कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं. निळा पाच दिवस टिकला, राखाडी नऊ. दहाव्या दिवशी दोन्हीकडून कळप आत.

“एक पाह्य,” नारायणराव फोनवर म्हणाले, “शेजारच्या वावरात उकंडराव राखनीले हाये. तिथं एक खूर नाही. त्याच्या हाकाऱ्याले भेतात ते.”

उकंडराव त्या गावचे राखणदार. सहा-सात जणांची वावरं ते सांभाळायचे, सुगीला प्रत्येकाकडून धान्य यायचं, त्यावर नवरा-बायकोचं वर्ष निघायचं. त्यांचा हाकारा गावात प्रसिद्ध होता. पोटातून निघायचा, चढत चढत जायचा, वर गेल्यावर मधेच फाटायचा आणि फाटल्यावर दुप्पट व्हायचा. लहानपणी ओट्यावर झोपलेल्या मोईजनं तो ऐकून वडिलांच्या गोधडीत डोकं खुपसलेलं होतं.

तो माईक घेऊन गेला. “काका, जुन्या आवाजायची आठवन ठेवून राह्यलो,” असं सांगितलं. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. आठवण ठेवणारच होता, फक्त कशासाठी ते गिळलं. उकंडरावांनी खूश होऊन अकरा हाकारे दिले. पाखरं उडाली, शेजारची म्हैस दावं तोडायला बघू लागली. मोईजनं त्यांच्या कानाला हेडफोन लावून त्यातला एक ऐकवला, तर म्हातारा हसायलाच लागला.

“हा मी नोहे. हा कोनी घोगरा बुढा धरून आनला तूनं.”

त्यांची बायको विमलबाई बाजूलाच होती. तिनं हेडफोनला कान लावला आणि म्हणाली, “हे तेच व्हय. यायले काय मालूम, यायनं कधी सोताले आयकलं.” तिघंही हसले. आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही, हे मोईजला माहीत होतं. तेच सगळ्यात सोयीचं वाटलं त्याला, आणि नंतर सगळ्यात जास्त टोचलंही तेच.

अकरा हाकारे राखाडीच्या पोटात गेले. पण पहिल्याच दिवशी एक खोट सापडली. हाकाऱ्याच्या आधी आणि नंतर म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. छातीत भरून घेतलेला, घशात थोडा घरघरणारा. मोईजनं विचार केला, श्वास ऐकू आला म्हणजे जनावराला कळणार की हा थकतो. थकणाऱ्याला कोण भिणार? म्हणून त्यानं पडदा मोठा करून तांदळातले खडे निवडावेत तसे सगळे श्वास निवडले आणि कापून टाकले. तेहतीस होते. आता हाकेला हाक अशी जोडली गेली की मधे माणसाचं काही उरलंच नाही. मग त्यावर लाटा बसवल्या, लाटांवर लाटा बसवल्या, आवाज दोन पट्ट्या खाली आणला. वरवट बकालच्या मक्यात महिनाभर डुकराचं पाऊल पडलं नाही. आपण केलेल्या कामात सगळ्यात भारी काम कुठलं, असं कुणी विचारलं असतं तर मोईजनं सांगितलं असतं, श्वास कापले ते.

त्या हंगामात बावन्न डबे गेले. वरवट बकालमध्येच अकरा. आवाज कुणाचा असं कुणी विचारलं की मोईज म्हणायचा, “कॉम्प्युटरचा.” अकरापैकी सहा डबे उकंडराव राखायचे त्याच वावरांत लागले होते, आणि ते स्वतःच्या हातानं लावले म्हणून त्याला हे पक्कं ठाऊक होतं. काकाला जाऊन सांगू, काकाचा वाटा देऊ, असं तो रोज ठरवायचा. दिवाळीला जाऊ म्हणाला, ईदला जाऊ म्हणाला. पण जाणं म्हणजे सांगणं, आणि सांगणं म्हणजे त्या ओट्यावर बसून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघणं. वर्ष गेलं. मलकापुरात कुठं भोंगा वाजला तरी त्याचा घास हातातच राहायचा. जेवताना बायको समीना विचारायची, तब्येत बरी आहे ना, आणि तो म्हणायचा, पित्त झालंय.

दुसऱ्या वर्षी मका निसवायला लागला आणि नारायणरावांचा फोन आला. “डुकरं सरावले बे. पाच-सहा रोजापासून येऊन राह्यले. बाकीचे लोकं डब्याच्या भरवशावर झोपून हायेत, त्यायले अजून पत्ता नाही. नवा आवाज टाक लवकर.”

मोईजनं सगळं करून पाहिलं. लाटा वाढवल्या, उलट्या फिरवल्या, वही काढून निळ्याला पुन्हा संधी दिली. पण मूळ हाकारे अकराच, त्यांचा कितीही चुरा केला तरी पीठ तेच. नवा हाकारा पाहिजे होता, आणि तो एकाच गळ्यात होता. आता लाज कशी असते बघा. कबुली द्यायला वर्षभर सवड मिळाली नाही, मागायला जायला दुसऱ्याच दिवशी मिळाली. नांदुरा, जळगाव जामोद करत मोटरसायकलवर तो दुपारी चारला वरवट बकालला पोचला. जाताना किलोभर पेढे घेतले. पेढे कशाबद्दलचे ते त्यालाच सांगता आलं नसतं.

विमलबाई ओट्यावर कवडीचा, म्हणजे किडक्या बोंडांतला, कापूस निवडत बसली होती. मोईजला बघून तिनं “ये” म्हटलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. आत खाटेवर उकंडराव बसले होते, गळ्याला मफलर गुंडाळलेला, भर दुपारी. मोईजला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून सायकलच्या चाकातली हवा जावी तसा आवाज आला.

“वाहेदचा पोरगा आला. बस बे.”

मोईजला वाटलं सर्दी झाली असेल. “गळ्याले काय झालं काका?”

उकंडराव हसले. सांगायला त्यांना वेळ लागला, दर दोन शब्दांनी थांबावं लागत होतं, पण सांगायची हौस दांडगी होती.

“गावात डबे आले न, त्यायच्यानं माही राखनी गेली. मी म्हटलं, ठीक हाये. पन तो डब्यातला मानूस आयकला, अन् मले झोप येईना. काय आवाज हाये बे त्याचा. मी नारायनरावाले म्हटलं, पंधरा रोज परीक्षा घे. धुऱ्याच्या त्या अंगाले डबा, या अंगाले मी. ज्याच्या अंगानं डुकरं आले तो हारला.”

“मग?”

“माह्या अंगानं एक नाही आलं. जिकलो मी.” त्यांनी गळ्याकडे बोट केलं. “पन हे गेलं.”

मोईजनं विचारलं, “कसं काय गेलं? तुमी त जलमभर हाकारे देल्ले.”

“तू आवाजाचा मानूस हायेस म्हनून तुले सांगतो.” उकंडराव पुढं वाकले. “तो मानूस श्वास घेत नाही. मी कान देऊन आयकलं. दहा हाका, पंधरा हाका, मधात श्वासच नाही. म्हटलं, त्याले जमते त मले काऊन जमत नाही? मीबी दम दाबून हाकारा द्याले लागलो. पंधराव्या रोजी तोंडातून रगत आलं. अकोल्याचा डाक्टर म्हने, आतली दोरी फाटली, आता बोलतं तेवढंच बोलशीन.” ते थांबले, खोकले. “मले एकच सांग. तो हाये कोन? खानदेशचा हाये का पहाडातला हाये? मले एकदा पाहाचा हाये तो.”

मोईजला आकडा आठवला. तेहतीस. एकेक निवडून. पडद्यावर श्वासाची छोटी छोटी टेकाडं दिसत होती, ती धरून धरून कापली होती, आणि कापताना तो गुणगुणत होता. त्यानं मान खाली घातली आणि पेढ्यांचा पुडा उगाच या हातातून त्या हातात केला.

“मोईज, चहाले पानी काढाचं हाये, जरा इकडं ये,” विमलबाईनं मागच्या अंगणातून हाक दिली.

अंगणात पाण्यानं भरलेली टाकी होती, बादली भरलेली होती. काढायचं काही नव्हतं. विमलबाई पदरानं हात पुसत उभी होती.

“मी पयल्या रोजीच वळखलं,” ती म्हणाली. “चाळीस वर्सं झाले मले तो आवाज आयकून. तूनं त्याले जाडा केला, लांब केला, पन मले कोन फसवते.”

“काकू, माहं चुकलं. मी आज सांगाले...”

“खोटं नोको बोलू. तू सांगाले नाही आला, आनखी घ्याले आला.”

मोईजनं बादली उचलून पुन्हा खाली ठेवली. एवढ्या सरळ शब्दांत त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

“आता सांगू नोको त्यायले,” विमलबाई म्हणाली. “दुसऱ्यानं आपल्याले मागं टाकलं, हे मानूस सोसते. सोताच्याच आवाजानं पोटावर पाय देल्ला, अन् सोताच्याच आवाजाशी लढून गळा घालवला, हे कळलं त काय होईन त्यायचं? सांगून तुले हलकं वाटन. तुले हलकं वाटाव म्हनून त्यायनं वझं उचलाचं काय?” तिनं वावराकडे हात केला. “मले रोज दिवस बुडाले का दार लावून घ्यावं लागते. मानूस घरात मुका बसला, अन् वावरात बोंबलून राह्यला. हे सोसते का कोनाले?”

मोईजला रडू आलं. पस्तीस वर्षांचा माणूस, परक्या अंगणात बादलीकडे तोंड करून रडला. विमलबाईनं त्याला गप्प केलं नाही. चहा ठेवायला ती आत गेली.

चहा होईपर्यंत ऊन उतरलं. उकंडरावांनी पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला, उरलेला बायकोला दिला, आणि पुन्हा तोच प्रश्न धरून बसले. मोईज म्हणाला, “कॉम्प्युटरचा आवाज असतो काका, मानूस-बिनूस नसते.” म्हातारा हसला. “काम्पुटरले कुठचा राग येईन? तो मानूसच हाये. जीव तोडून देते हाका. कोनासाठी तरी देते.”

तेवढ्यात नारायणरावांच्या वावरातला डबा सुरू झाला. अंधार पडू लागला की तो आपोआप सुरू व्हायचा, ती कळही मोईजनंच बसवलेली. वावर गावाला लागूनच होतं. आवाज घरावरून गेला. पाठोपाठ पलीकडचा डबा लागला, मग लांबचा एक. विमलबाई दार लावायला उठली, पण उकंडरावांनी बोट वर केलं.

“आयक आता.”

ते ताठ बसले. हाक सुरू झाली तशी त्यांनी छाती भरून घेतली आणि दम कोंडला. डब्यातली हाक चढली, फाटली, तिला दुसरी जोडली गेली, तिला तिसरी. म्हाताऱ्याचे ओठ हाकेबरोबर हलत होते, आवाज नव्हता. चौथी हाक. मानेच्या शिरा वर आल्या. पाचवी. डोळे तांबारले, चेहरा काळानिळा व्हायला लागला, तरी श्वास घेईनात. हरायचं नव्हतं त्यांना.

“काका, श्वास घ्या,” मोईज म्हणाला. “घ्या श्वास. त्यानंबी घेतला होता. मी कापून टाकला.”

उकंडरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि भसकन श्वास सोडला. विमलबाई दारातच उभी राहिली. मग मोईजनं सगळं सांगितलं. ओट्यावरचे अकरा हाकारे, निळा आणि राखाडी, तेहतीस श्वास, बावन्न डबे. सांगताना कुठं थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. विमलबाईकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

उकंडरावांनी गळ्याचा मफलर सैल केला. मग म्हणाले, “न कापलेला हाये का तुह्यापाशी?”

मोबाइलमध्ये होता. वर्षभर ठेवला होता, पुसायचाही धीर झाला नव्हता. मोईजनं तो त्यांच्या कानाशी धरला. पहिला हाकारा त्यांनी परक्याचा ऐकावा तसा ऐकला. मग हाकारा संपला आणि श्वास आला, छातीतून वर येणारा, घशात किंचित घरघरणारा. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि पुढचा श्वास येईपर्यंत तिथंच ठेवला.

“दम माहा हाये,” ते म्हणाले.

आता शिव्या येतील, काठी येईल, असं मोईजला वाटलं. यावी असं वाटलं. उकंडरावांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

“तू काऊन आलता आज?”

मोईजनं तेही सांगितलं. “डुकरं सरावले. आता त्या आवाजाले भेत नाहीत. नारायनरावानं नवा मागतला.”

“अन् बाकीचे दहा जन?”

“त्यायले मालूम नाही. डबा हाये म्हनून घरी झोपतात.”

उकंडराव उठले. कोपऱ्यातली काठी घेतली, मफलर नीट गुंडाळला. विमलबाई म्हणाली, “कुठं निंगाले? तुमाले कोनी सांगितलं नाही, कोनी देनार नाही.”

“लोकं माह्या आवाजाच्या भरवशावर झोपले,” ते म्हणाले. एवढं बोलायलाही दोनदा थांबावं लागलं. “मी खाटेवर बसून कसं जमन?”

मोईज आडवा आला. काका, मी डबे काढून नेतो, मी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगतो, मी तुमचं सगळं भरून देतो, असं काय काय तो बोलत राहिला. म्हाताऱ्यानं काठीनंच त्याला हलकेच बाजूला केलं आणि पायरी उतरला. विमलबाईनं आतून जेवायचं ताट आणि पळी आणली, दाराला कडी घातली. मोईजजवळून जाताना ती थांबली.

“वाटलं हलकं?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नवऱ्यामागं निघाली.

तोही मागं गेला. वावर चार पावलांवर होतं. धुऱ्यावर बांबूला बांधलेला डबा ओरडत होता, आणि मक्याच्या आतून धांडे मोडल्याचा कडकड आवाज येत होता. कळप आत शिरलेला होता, हाकाऱ्याच्या खाली निवांत खात होता. उकंडरावांनी छाती भरली, मान वर केली, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. विमलबाईनं तोंड फिरवलं आणि ताटावर पळी हाणली.

मोईजला ते बघवेना. तो धावत डब्याकडे गेला, बंद करायला बटनावर हात घातला. तेवढ्यात म्हाताऱ्याची बोटं त्याच्या मनगटावर पडली.

“राहू दे बे,” उकंडराव म्हणाले. “माह्यापाशी आता तेवढाच आवाज हाये.”

त्यांनी मनगट सोडलं आणि काठीनं धांडे बाजूला करत ते मक्यात शिरले. मोईज बटनावर हात ठेवून तसाच उभा राहिला.